कोटावरचं जहाज

आमच्या घरात पहाटे गजर होत नसे, बाबांचा कोट पडत असे. पुढच्या खोलीत दारामागच्या खिळ्यावर तो टांगलेला असायचा. त्यांच्या लग्नातला, गडद निळा, खांद्यांत कापूस भरलेला. लग्नानंतर तो त्यांनी अंगात घातल्याचं मला आठवत नव्हतं, कारण त्याच्यावर बिल्ले होते. छातीवर, बाह्यांवर, खिशांच्या झापांवर, कॉलरवर, आणि समोरची जागा संपली तेव्हा पाठीवर. पितळेचे, तांब्याचे, निळ्या-लाल मिन्याचे. कुणावर हातोडा, कुणावर नांगर, कुणावर धूर सोडणारं जहाज. सगळे जहाज बांधणाऱ्या कामगारांच्या निरनिराळ्या युनियनचे. त्या वजनानं हँगर वाकायचा, खिळा मान टाकायचा, आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या जरा आधी सगळं प्रकरण खणखणत जमिनीवर यायचं. मग भिंतीपलीकडून शेजारच्या राव काकांचा आवाज यायचा, "देवाजी, उठ गये?" बाबा इकडून म्हणायचे, "उठलो, रावसाहेब." आणि दोन्ही क्वार्टरांत चहाची भांडी वाजायला लागायची.

या कोटाबद्दल मी आजवर कुणाशी फारसं बोललेले नाही. मी मुळातच कमी बोलणारी. शाळेत माझं 'हजर' बाईंपर्यंत पोचत नसे आणि वर्गात बसलेली असूनही मी बरेचदा गैरहजर लागत असे. पण कोटाच्या बाबतीत गप्प राहण्याचं कारण स्वभाव नाही. ते वेगळं आहे, आणि या प्रकरणात लिहून टाकायचं मी ठरवलं आहे. त्याआधी घर सांगते. घर सांगता सांगता धीर येईल.

बाबा, म्हणजे देवाजी लांजेवार, लाखांदूरकडच्या धानाच्या बांधावरून उठून भिलाईला आले आणि प्लेट मिलमध्ये लागले. लाल लोखंडाचा ठोकळा रोलखाली जातो आणि चादरीसारखा पसरून बाहेर येतो, हे बघून पहिल्या दिवशी त्यांना आपल्या आईची भाकर आठवली होती म्हणे. काही प्लेटा तपासायला बाहेरचे साहेब यायचे, ठोकून बघायचे, आणि पसंत पडली तर तिच्यावर शिक्का मारायचे. बाबांनी एकदा सोबतच्या फिटरला विचारलं, हिचं काय होते? तो म्हणाला, जहाज होते. बाबांना वाटलं, नवीन माणूस बघून थट्टा करून राहिला. लोखंड पाण्यावर तरंगतं हे त्यांना पटायला पुष्कळ दिवस लागले. पण एकदा पटल्यावर ते दुसऱ्यांना पटवत सुटले. आमच्या लहानपणी ते बादलीत स्टीलची वाटी सोडायचे आणि म्हणायचे, "पाह्य, डुबते का? आता समज, ह्या वाटीत आपलं अख्खं गाव बसलं आहे." मी आणि माझा भाऊ वाटीत वाकून गाव शोधायचो.

समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. भिलाईहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. रजा मिळाली की बाबा गावी रोवणीला जायचे किंवा कापणीला, आणि धानाच्या बांधीत जेवढं पाणी असतं तेवढ्यावर समाधान मानायचे. पण आपल्या हातून गेलेल्या प्लेटांचं पुढे कोण काय करतं, याची ओढ त्यांना लागली ती लागलीच. एकदा तपासणीच्या साहेबांबरोबर कलकत्त्याच्या गोदीतला एक म्हातारा मिस्त्री आला होता. बाबांनी त्याला जेवायला घरी आणलं. त्यानं आईच्या हातचा, गावाहून आलेल्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात असा काही खाल्ला, की निघताना बाबांनी त्याच्या पिशवीत पायलीभर तांदूळ बांधून दिला. म्हाताऱ्याला परतफेड सुचेना. त्यानं टोपीवरचा जुना बिल्ला काढून बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो लग्नाच्या कोटाला लावला, कारण घरात तेवढंच एक भारी कापड होतं.

तिथून पुढे नियम झाले. बिल्ला विकत घ्यायचा नाही. बिल्ला मागायचा तर मुळीच नाही. ज्यानं तो लावून जहाजावर काम केलं, त्यानं किंवा त्याच्या घरच्यानं आपण होऊन दिला पाहिजे, आणि दिला की त्याच्या घरी पायलीभर चिन्नोर गेलाच पाहिजे. जुना असेल तर छातीवर जागा, नव्या छापील टिनाचा असेल तर पाठीवर. कोचीनकडचा ट्रक ड्रायव्हर, गोव्याच्या गोदीत मेहुणा असलेला वेल्डर, मुंबईहून अधिवेशनाला आलेले दोन पुढारी, अशा लोकांकडून एकेक करत कोट भरत गेला आणि गावाहून आलेलं पोतं उतरत गेलं. आई म्हणायची, "लोकं तांदूळ देऊन भांडे घेतेत. आमच्याइथं तांदूळ देऊन टाचण्या घेतेत."  बाबा कोटाची बाही जरा सरळ करत.

मुंबईच्या त्या दोन पुढाऱ्यांच्या युनियनींचं आपसांत हाडवैर होतं. बाबांनी त्यांचे बिल्ले एकाच खिशावर शेजारी शेजारी लावले होते. आमच्या प्लांटमध्ये युनियनची निवडणूक होती तेव्हा एक उमेदवार मतं मागायला घरी आला, चहा घेताना त्याची नजर कोटाकडे गेली, आणि तो कपातलं न संपवता उठला. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये बातमी, की लांजेवार सगळ्यांना शब्द देऊन बसला आहे. बाबांना त्या आठवड्यात एवढ्या ठिकाणाहून चहाचं बोलावणं आलं, की आईनं घरातला चहा बंद केला.

एवढं सगळं लावूनही कोटावर एक जागा रिकामी होती. डाव्या छातीवर, खिशाच्या वर, बरोबर काळजावर. ती कुणासाठी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि भिंतीपलीकडच्या घरातही.

राव काका प्लेट मिलमध्येच क्रेन चालवायचे. वरून ते बाबांना बघायचे, खालून बाबा त्यांना हात करायचे, अशी दोघांची पाळी जायची. त्यांचे वडील विशाखापट्टणमच्या गोदीत जहाजाच्या प्लेटा जोडणाऱ्या रिबिटा ठोकायचे. एक जण भट्टीतली लालभडक रिबिट चिमट्यानं उडवायचा, दुसरा ती डब्यात झेलायचा, तिसरा ठोकायचा. तो तिसरा म्हणजे राव काकांचे वडील. म्हातारपणी ठार बहिरे झाले, पण रस्त्यानं कुणी पातेलं ठोकत असेल तर अंगाला कंप जाणवून म्हणायचे, कच्चा ठोकतोय. त्यांचा बिल्ला राव काकांकडे होता. पितळेचा, मिन्याचा समुद्र एका कोपऱ्यात उडालेला, मधोमध जहाज, खाली तेलुगू अक्षरं, अंगठ्यानं पुसून पुसून गुळगुळीत झालेली. तो तपकिरीच्या रिकाम्या डबीत असायचा आणि वर्षातून एकदा, एक मे या कामगार दिनी, राव काकांच्या शर्टावर यायचा. त्या दिवशी बाबा सकाळीच दाढी करून पलीकडे जायचे आणि बिल्ल्याला सलाम करायचे. राव काका म्हणायचे, बैठो देवाजी. बाबा बसायचे. बिल्ल्याकडे बघून तांदळाचा विषय काढायचे. राव काका तांदळाची तोंडभरून स्तुती करायचे, आंटींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातचा चिंचेचा भात याच तांदळाचा कसा फुलासारखा होतो ते सांगायचे, आणि संध्याकाळी बिल्ला डबीत जायचा. इकडून तांदूळ जात राहिला. तिकडून आवकाय लोणच्याची बरणी येत राहिली. बिल्ला काही आला नाही. बाबा मागणार नव्हते, आणि मागितल्याशिवाय समजून घेण्याची राव काकांची तयारी नव्हती.

मग नवं राज्य झालं, पत्त्यातलं मध्यप्रदेश खोडून लोक छत्तीसगड लिहायला लागले, आणि त्याच सुमाराला प्लांटमध्ये स्वेच्छानिवृत्तीचं वारं आलं. राव काकांनी अर्ज दिला. विशाखापट्टणमला वडिलांचं घर होतं, तिथं म्हातारी आई एकटी होती. सामानाचा ट्रक आधी गेला आणि त्यांना तिकीट मिळालं ते नेमकं खंडेनवमीच्या संध्याकाळचं. रिकाम्या क्वार्टरमध्ये ना चूल ना देव, म्हणून आईनं त्या दिवशी दोघांना सकाळपासून आमच्याकडेच बोलावलं. आंघोळ इथं, पूजा इथं, जेवण इथं. बाबा आदल्या संध्याकाळपासून कोटासमोर बसून होते.  त्यांनी रिकाम्या जागेवरची धूळ फुंकली, ते मी पाहिलं.

नवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. पाटावर बाबांचे पाने आणि हेल्मेट, आईची विळी, भावाची सायकलची किल्ली, माझी पुस्तकं आणि कंपासपेटी. शिलाई मशीनला जागेवरच झेंडूची माळ. आणि चादर पसरून तिच्यावर आडवा कोट, दोन्ही हात पसरून, भर मांडवात भोवळ आलेल्या नवरदेवासारखा. यात एक गोष्ट पक्की असते. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. विळी पुजली म्हणून भाजी हातानं मोडायची, पण विळी उचलायची नाही. मला हा नियम फार आवडायचा, कारण त्यात गणिताचं पुस्तक असायचं. आणि मला हेही माहीत होतं, की राव काकांच्या घरी हीच पूजा आयुध पूजा म्हणून होते आणि तिचा नियम आमच्याहूनही कडक असतो. आदल्या वर्षी त्यांनी स्कूटर पुजली आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत पायी फिरले.

राव काका लुंगी लावून आंघोळीला गेले. त्यांचा शर्ट खुंटीवर होता. आई वडे तळत होती आणि आंटी पुरण वाटत होत्या. आईनं आतून मला सांगितलं, पूजा मांडून घे. मी हेल्मेट उचलायला वळले, शर्टाला धक्का लागला आणि खिशात, ट्रकात न देता जवळ ठेवलेली, तपकिरीची डबी वाजली. माझ्या डोक्यात विचार आला असं म्हणणं खोटं होईल. डोक्यात काही आलंच नाही, हातातच आलं. मी डबी काढली, बिल्ला काढला, कोटाच्या रिकाम्या जागेवर लावला, पिन बसवली, डबी परत खिशात ठेवली, आणि पाटावर हेल्मेट सरळ केलं. मी तेव्हा काही लहान नव्हते. अकरावीत होते. एवढ्या वयाच्या मुलीला आपण काय करतोय ते कळतं. मला कळत होतं.

आई ओल्या हातानं आली, चष्म्याशिवाय, वड्यांकडे एक कान ठेवून. प्रत्येक बिल्ल्याला हळद, कुंकू, अक्षता. दरवर्षीसारखं पुटपुटत, "मुंबईवाला, हा भांडखोर, हा त्याच्याहून भांडखोर, गोवावाला." डाव्या खिशाशी बोट आलं, टेकलं, पुढे गेलं. झालं. जहाजाच्या धुराड्यावर कुंकू लागलं.

आरती सुरू झाली. बाबांचा आवाज मोठा. पहिलं कडवं झालं आणि त्यांची नजर कोटावर गेली. आवाज थांबला नाही, पण जरा वर चढला, आणि तिथंच राहिला. शेजारी राव काका टाळ्या वाजवत होते. त्यांच्या टाळ्या एकदम मंद झाल्या. त्यांनी उजवा हात हळूच शर्टाच्या खिशावर ठेवला, डबी चाचपली, तिचं वजन अंदाजलं. आरती मध्ये थांबवत नाहीत, म्हणून कुणी थांबलं नाही. गणपतीची संपली तशी बाबांनी देवीची धरली. देवीची संपली तशी शंकराची. मग विठ्ठलाची, मग दत्ताची. मग ज्याची तसबीरही आमच्या घरात नव्हती अशा एका देवाची, तीही अर्धीच येत होती म्हणून पुन्हा पहिल्यापासून. कापूर विझला. भावानं दुसरा लावला. आईनं दोनदा वळून बघितलं. आत वडे करपल्याचा वास आला तरी बाबा थांबेनात. आरती संपली की काहीतरी बोलावं लागणार, आणि ते काय, हे त्यांना सुचत नव्हतं.

शेवटी त्यांना येणारे देव संपले.

राव काका म्हणाले, "देवाजी, ये तो मेरे पिताजी का है." त्यात राग नव्हता. एखादा माणूस दुसऱ्याच्या लग्नात आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात बघून म्हणेल, तसं म्हणाले.

बाबा एकदम खाली बसले. म्हणाले, "रावसाहेब, देवाची शपथ, मले मालूम नाही. तुमी उचला. आत्ताच्या आत्ता उचला." राव काका म्हणाले, उचलू कसा, पूजा लागली आहे. बाबा म्हणाले, पाप लागन तर मले लागन. राव काका म्हणाले, बाप माझा आहे, पाप तुला कसं लागेल. आणि मग मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात उलटं भांडण सुरू झालं. ज्याला तो बिल्ला इतकी वर्षं हवा होता तो हात जोडून म्हणत होता घेऊन जा, आणि ज्याचा होता तो मागे सरकत म्हणत होता, हात लावणार नाही. बाबा कोटाकडे हात नेत आणि राव काका त्यांचं मनगट धरत. एकदा तर बाबा ओरडले, "इतकं काय अडून बसले, तुमचाच तं आहे." आईनं सुचवलं, की आज राहून जा, उद्या उत्तरपूजा झाली की न्या. पण तिकडे म्हातारी स्टेशनवर माणूस पाठवणार होती.

आंटी पुढे आल्या. हाताला पुरण लागलेलं तसंच. त्या बाबांकडे बघून नाही, आईकडे बघून बोलल्या. "भाभी, माँग लेते. एक बार माँग लेते."

आईनं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, मीठ बघायला जिभेवर कण ठेवतात तेवढं. मी तोंड उघडलं. मला वाटतं, मी काहीतरी म्हणालेही. पण माझं 'हजर' तेव्हाही कुणाला ऐकू गेलं नाही, कारण आई माझ्या आधी बोलली.

"माह्या हातानं झालं," ती म्हणाली. "खाली पडला होता. मले वाटलं, आपल्याकडे यायचाच आहे. लावून देल्ला."

मग पानं वाढली. करपलेले वडे, कढी, सांभारवडी, पुरणपोळी. राव काका नेहमीइतकेच जेवले, चिन्नोरचा भात दोनदा घेतला, आणि बाबा त्यांना वाढताना असे बघत होते की जणू प्रत्येक शितामागे एक माफी मागायची राहिली आहे. संध्याकाळी बाबा त्यांना दुर्ग स्टेशनला सोडून आले. आंटी निघताना आईच्या गळ्यात पडल्या नाहीत. त्यांची लोणच्याची बरणी आमच्या फळीवर होती, रिकामी, धुतलेली. ती त्यांनी मागितली नाही आणि आईनं दिली नाही, कारण रिकामी बरणी कुणाला परत देत नाहीत. आई दार लावून बराच वेळ फळीपाशी उभी होती. भिलाईत इतक्या वर्षांत तिला एकच मैत्रीण झाली होती.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. बाबांनी बिल्ल्याला हात लावला नाही. त्यांनी रजा टाकली, दाढी केली, आणि आमच्यादेखत तो कोट अंगात घातला, सगळ्या बिल्ल्यांसकट. पोट पुढे आल्यानं बटणं लागत नव्हती. त्यांचं म्हणणं, पिशवीत ठेवला आणि पिशवी चोरी गेली तर? अंगावरचा कोण चोरते? आईनं मुगवड्या केल्या होत्या, त्या बरणीत भरल्या, तोंडाला फडकं बांधलं. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात तांदळाची थैली, असे बाबा विशाखापट्टणमच्या गाडीत चढले. गाडीत टीसीनं त्यांना बघून आधी सलाम केला आणि मग तिकीट मागितलं, हे त्यांनी परत आल्यावर सगळ्यात आधी सांगितलं.

बाकीचं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. विशाखापट्टणमला राव काका त्यांना गोदीच्या फाटकाशी घेऊन गेले. पाळी सुटायची वेळ होती. असा घामाघूम माणूस, असा कोट, भारतभरच्या युनियनचे बिल्ले; लोकांना वाटलं, कुणी फार मोठा नेता दिल्लीहून आला. एकानं हार शोधायला माणूस पाठवला. दुसऱ्यानं कँटीनच्या सांबाराची तक्रार तेलुगूत, हात हलवून, सविस्तर सांगितली. बाबांना एक शब्द कळला नाही. ते गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "पाहतो मी." राव काका हसता हसता फाटकाला धरून खाली बसले. मग फाटकातून एक जहाज दिसलं, अर्धवट रंगवलेलं. बाबांनी एका प्लेटेकडे बोट करून सांगितलं, ही माही आहे. रंग दिलेली प्लेट इतक्या लांबून ओळखणं शक्य नाही, हे क्रेनवाल्या राव काकांना चांगलं ठाऊक होतं. ते म्हणाले, "हाँ देवाजी, आपकी ही है."

त्यानंतर समुद्रावर गेले. समुद्र कसा होता ते बाबांनी कधीच नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "वाटी लहान पडते."

तिथं वाळूत बसून राव काकांनी कोटावरचा बिल्ला आपल्या हातानं काढला. बाबांनी तेव्हा विचारलं, मागितला असता तर दिला असता का? राव काका म्हणाले, "नहीं देता." बाबा ही गोष्ट सांगताना इथं नेहमी खूष व्हायचे. मागितलं नाही ते बरंच झालं, असं त्यांना वाटायचं. ते म्हणायचे, "पण गोदीच्या फाटकाशी माह्या छातीवर होता. पुरी पाळी सुटेपर्यंत होता."

परत आले तेव्हा ते उन्हानं काळे झाले होते आणि कोट खाऱ्या हवेनं कडक. आईनं ना त्यांच्याकडे पाहिलं ना रिकाम्या जागेकडे. आधी हातातली बरणी घेतली, तोलली. "भरली आहे," ती म्हणाली. फडकं सोडलं तर काठापर्यंत आवकाय. निरोप काहीच नव्हता. आईनं ते लोणचं वर्षभर पुरवलं, पाहुण्यांना दाखवलंही नाही. पुढे दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाच्या हाती ती बरणी तिकडे जात राहिली आणि येत राहिली. पण त्या दोघी पुन्हा कधी भेटल्या नाहीत, आणि आंटींना अखेरपर्यंत वाटत राहिलं की त्या दिवशी भाभीनं हात मारला. ते मी करून ठेवलं आहे.

बाबांनी त्या जागेवर दुसरा बिल्ला लावला नाही. पुढल्या नवमीला कुंकू लावता लावता आईचं बोट तिथं आलं, क्षणभर थांबलं, आणि तिनं नुसत्या कापडालाच कुंकू लावलं. पुढल्या वर्षीही. आता तिथं एक गोल लाल डाग आहे, बरोबर बिल्ल्याएवढा, आणि धुतला तरी जात नाही. कोट सध्या दुर्गमधल्या माझ्या बोरसीच्या घरी आहे, भिंतीत पक्का हुक ठोकून. पडत नाही, म्हणून मी सकाळी उशिरा उठते.

बाबांना मी सांगितलं नाही. सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि ते गेले. आईला सांगायचा प्रयत्न मी लग्नाच्या दिवशी केला होता; तिला वाटलं, सासरी जाण्याचं रडू आहे, तिनं माझं तोंड पदरानं पुसलं आणि शब्दही पुसले. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा पुन्हा केला. तोवर फार उशीर झाला होता. तोवर ती गोष्ट तिची झाली होती. दुर्गमधल्याच मोहन नगरच्या भजनाच्या बायकांत आई ती सांगते, आणि दर वेळी त्यात काहीतरी वाढतं. आता तर आदल्या रात्री देवी स्वप्नात येऊन म्हणते, त्याले एकदा समुद्र दाखव. आईनं आधी मला झाकायला ते खोटं अंगावर घेतलं होतं, हे माझ्याशिवाय आता कुणालाच आठवत नाही. तिलाही नाही.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. ती पाय पसरून लसूण सोलत होती. खुंटीवरचा शर्ट आला तेव्हा तिचा हात थांबला. "मंग?" म्हणाली. मी वाचत गेले. डबी, पिन, हेल्मेट, सगळं. माझा आवाज फुटत होता, पण या वेळी तो पोचत होता. शेवटपर्यंत ऐकून तिनं सालं एका जागी गोळा केली.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "एकच चुकलं."

"काय?"

"बिल्ला मी लावला होता."

मी म्हणाले, आई, तू तेव्हा आत वडे तळत होतीस.

"तळत होती नं. तळता तळता येऊन लावला." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, तसंच, मिठाच्या कणाएवढं. "चूक तू घे, लाज तू घे, बाकी सारं तू घे बाई. तुह्या बाबाचा समुद्र माहा आहे."

आणि लसणाचा दुसरा गड्डा तिनं माझ्यापुढे सरकवला.